शेजारच्या जमिनीवरील हक्क : इंग्लिश कायद्यातील सुविधाधिकार

जमीन एकाच्या मालकीची असली, तरी तिच्यावरील सर्वच हक्क त्याचे असतात असे नाही. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वाट, तिच्याखालून नेलेले सांडपाण्याचे नळ, खिडकीतून येणारा उजेड यांसंबंधीच्या हक्कांना इंग्लंड व वेल्सच्या कायद्यात ‘ईझमेंट’ म्हणतात. मराठी कायदेपरिभाषेत त्यास सुविधाधिकार ही संज्ञा रूढ आहे. हा हक्क व्यक्तीशी नव्हे, तर जमिनीशी निगडित असतो.

अशा हक्काची चार लक्षणे अपील न्यायालयाने १९५५ साली एलेनबरो पार्क खटल्यात मान्य केली. लाभ घेणारी आणि भार सोसणारी अशा दोन मिळकती असाव्यात. त्या हक्काने पहिल्या मिळकतीचा उपभोग अधिक सुकर व्हावा. दोहोंचे मालक भिन्न असावेत. आणि दस्ताने देता येईल इतका तो हक्क सुस्पष्ट असावा. वेस्टन-सुपर-मेअर येथील उद्यानाच्या वापराचा भोवतालच्या घरमालकांचा हक्क या कसोट्यांवर टिकला. घरातून दिसणारे सुंदर दृश्य कायम राहावे, असा सुविधाधिकार मात्र वहिवाटीने मिळत नाही.

सुविधाधिकार दस्ताने मिळतो, विक्रीच्या वेळी गर्भितपणे निर्माण होतो किंवा दीर्घ वहिवाटीने प्राप्त होतो. १८३२ च्या कायद्यानुसार बळजबरी, लपवाछपवी वा परवानगी यांवाचून २० वर्षे अखंड चाललेल्या वहिवाटीच्या आधारे वाटेचा हक्क सांगता येतो. मालकाचे दीर्घ मौन अशा वेळी त्याच्याच अंगाशी येते.

या हक्काची काही भावंडेही आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून गवत, मासे वा सरपण नेण्याच्या हक्कास ‘प्रॉफिट’ म्हणतात. साधा परवाना ही केवळ व्यक्तिगत मुभा होय. जमिनीच्या वापरावरील निर्बंधाचा करार माहीत असूनही जमीन घेणाऱ्या पुढील खरेदीदारास तो बंधनकारक ठरतो, हे तत्त्व लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील बागेवरून झालेल्या टल्क विरुद्ध मॉक्से खटल्यात १८४८ साली प्रस्थापित झाले.

खरेदीदाराची खरी कसोटी येथेच लागते. २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यानुसार, गर्भितपणे वा वहिवाटीने मिळालेला कायदेशीर सुविधाधिकार खरेदीपूर्वीच्या वर्षभरात वापरला गेला असल्यास, नोंदवहीत नसतानाही नव्या मालकावर बंधनकारक ठरू शकतो. त्यामुळे कागदपत्रांइतकीच जागेची प्रत्यक्ष पाहणीही महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा विषय परका नाही. इंग्लिश तत्त्वांच्या आधारे रचलेला १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. खासगी जमिनीवरील वहिवाटीसाठी २० वर्षांची मुदत त्यातही आहे.