दुसऱ्या सूर्यांचे ग्रह

आकाशात लुकलुकणारा प्रत्येक तारा हा एक सूर्यच होय, हे आता शाळकरी मुलांसही ठाऊक असते. मग आपल्या सूर्याप्रमाणे त्या सूर्यांनाही ग्रहमाला असेल काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक फार जुना प्रयत्न आपल्या देशात झाला, आणि तो करणाऱ्या गृहस्थाने देह ठेवला तो पुण्यात, ही गोष्ट मात्र थोड्यांस माहीत असेल.

कॅप्टन विल्यम जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता. पुण्यास स्वतःची लहानशी वेधशाळा उभारून तो जोडताऱ्यांचे वेध घेई. पुढे १८४८ साली तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकापुंजात ‘७०’ क्रमांकाचा एक जोडतारा आहे. त्यातील दोन तारे सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती एक फेरा पुरा करतात. त्यांची प्रत्यक्ष स्थाने गणिताशी जुळेनात, तेव्हा तेथे एखादा अदृश्य ग्रह असावा, असे अनुमान जेकबने १८५५ साली प्रसिद्ध केले.

न दिसणाऱ्या वस्तूचे अनुमान करावयाचे कसे? थोरली व धाकटी बहीण फुगडी घालू लागल्या, की धाकटी गरगर फिरते. पण थोरलीही एका जागी स्थिर राहत नाही, तिचाही थोडा झोक जातोच. अंधारात धाकटी दिसली नाही, तरी थोरलीच्या झोकावरून ती ओळखता येईल. ग्रहाचा शोध म्हणजे ताऱ्याच्या या झोकाचा शोध होय.

जेकबचे अनुमान टिकले नाही. अमेरिकेत सी याने १८९६ साली तेच मत पुन्हा मांडले. परंतु अशी रचना स्थिर राहणे शक्य नाही, असे मोल्टनने १८९९ साली गणिताने दाखविले. जेकबला मात्र हा निकाल पाहावयास मिळाला नाही. पुण्याजवळील डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी तो १८६२ साली इंग्लंडहून परत आला, आणि थोड्याच दिवसांत, ऑगस्ट महिन्यात, पुण्यात निधन पावला.

हीच कथा पुन्हा घडली. बर्नार्डच्या ताऱ्याला गुरूएवढा ग्रह आहे, असे व्हॅन द कॅम्प यांनी १९६३ साली जाहीर केले. पण १९७३ साली इतरांच्या वेधांत तो झोक आढळला नाही. तो दुर्बिणीच्या भिंगात झालेल्या फेरबदलांचा परिणाम असावा, असे दिसून आले. व्हॅन द कॅम्प यांनी अखेरपर्यंत आपले मत सोडले नाही.

याच्या उलट वर्तन अँड्र्यू लाइन यांचे. एका स्पंदकाभोवती ग्रह सापडल्याचे त्यांनी १९९१ साली सांगितले होते. पृथ्वीच्या कक्षेचा लंबगोलपणा आपण नीट हिशेबात धरला नाही, हे ध्यानी येताच, जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथे शास्त्रज्ञांच्या भरसभेत त्यांनी चूक कबूल केली. सभेने उभे राहून त्यांचा गौरव केला! लगेच नंतर वोल्शचान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाचे ग्रह सांगितले, आणि ते खरे ठरले.

१९९५ साली मेयर व केलोझ यांना महाश्व पुंजातील ‘५१’ क्रमांकाच्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला. त्याचे वर्ष अवघे सव्वाचार दिवसांचे! या शोधासाठी त्यांस २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे ग्रह आड येताच ताऱ्याचे तेज किंचित मंदावते, हे हेरणारी केपलर दुर्बीण २००९ साली अवकाशात गेली, आणि २०२५ साली ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांवर पोहोचली.

बर्नार्डच्या ताऱ्याचाही ग्रह २०२४ साली सापडला. पण तो पृथ्वीहून लहान, व्हॅन द कॅम्प यांचा नव्हे. जेकबच्या जोडताऱ्याला ग्रह असल्याचा पुरावा अजूनही नाही. तरीही जेकबचा प्रश्न योग्यच होता. उत्तर चुकले म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. आणि चूक मोकळेपणाने मान्य करणारा मनुष्य शास्त्राची वाट अडवीत नाही, ती मोकळी करतो.