काचपेटीतला समुद्र आणि नीरेकाठचे मीठ

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा भाचा बारामतीस आला होता. प्रवाळांच्या बेटाभोवती फिरणारे नारिंगी, निळे, पिवळे मासे त्याने कुठेतरी चित्रफितीत पाहिले होते. जेवताजेवता त्याने विचारले, "मामा, आपल्या घरात समुद्र ठेवता येईल का?" आम्ही हसलो. बारामतीहून सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. येथील माणसाला पाणी म्हटले की नीरा, कऱ्हा आणि भीमा आठवतात. कालवा, पाट आणि पाण्याची पाळी आठवते. समुद्र हा आम्हांस सहलीचा विषय.

परंतु मुलांचे प्रश्न हसून संपत नाहीत. काचेच्या पेटीत समुद्र ठेवण्याचा उद्योग कोणी आणि कसा सुरू केला, त्यातून काय साधले आणि काय बिघडले, हे आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्या बारामती-इंदापूरच्या मातीतच पडलेले आहे.

ते असे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा हा भाग होरपळून निघाला. त्या काळात हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. वीर येथून निघून तो बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. जिथे बाजरी-ज्वारीची खात्री नव्हती, तिथे ऊस उभा राहिला. कालव्याने या भागाला नवा जन्म दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मात्र काही वर्षांतच खोलगट, काळ्या जमिनींवर पांढरी साय दिसू लागली. पिके पिवळी पडू लागली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी तम्हाणे यांच्यासह या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरची त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली.

रोगाचे कारण गुंतागुंतीचे नव्हते. पाणी भरपूर मिळाले, पण त्याला वाहून जायला वाट नव्हती. जमिनीखालची पाणपातळी वर आली. उन्हाने पाणी उडून गेले. त्यात विरघळलेले क्षार मात्र उडाले नाहीत, ते वरच साचले. शेतकऱ्याने दर पाळीला पाण्याबरोबर चिमूट चिमूट मीठही शेतात घेतले होते, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. उपाय एकच होता: चर खणून खारे पाणी बाहेर काढणे. आजही या परिसरात चोपण आणि पाणथळ जमिनींचे दुखणे सरलेले नाही.

आता काचपेटीकडे वळू. पाणी उडते, मीठ उरते, हा नियम तिथेही तोच आहे.

समुद्रातील जीव काचेच्या भांड्यांत ठेवून पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत झान विलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंचे नाव घ्यावे लागते. सिसिली बेटावरील मेसीना येथे १८३२ च्या सुमारास त्यांनी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. पण समुद्रापासून दूर, शहरातल्या घरात, जिवंत प्रवाळ सांभाळण्याचा मान ॲना थिन यांच्याकडे जातो. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध मंदिराचे उपप्रमुख धर्मगुरू होते. १८४६ मध्ये टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी बाईंना दगडी प्रवाळाची एक एकांडी जात आढळली. प्रवासात ते जीव एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि बरणीतून लंडनला आणले.

लंडनला समुद्र नव्हता. समुद्राचे पाणी मागवावे लागे, आणि ते नेहमी वेळेवर येईच असे नाही. तेव्हा बाईंनी तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याची रीत काढली. अर्धा-पाऊण तास हे ओतणे चाले, आणि ते कष्ट बहुधा घरच्या मोलकरणीच्या वाट्याला येत. पाण्यात हवा मिसळे, प्रवाळ तगून राहत. पुढच्या वर्षी त्यांनी भांड्यात समुद्री वनस्पती सोडल्या. जवळजवळ तीन वर्षे हा संसार चालला. त्या मोलकरणीचे नाव कुठे आमच्या वाचनात आले नाही. पण घरगुती समुद्राच्या इतिहासात तिचे हात विसरता येणार नाहीत.

पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती व प्राणी एकाच भांड्यात परस्परांना कसे जगवतात, हे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा 'दि ॲक्वेरियम' हा ग्रंथ आला आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले. गॉस मोठे निसर्ग-अभ्यासक आणि तितकेच भाविक गृहस्थ. लोकांनी निर्मात्याची कृती डोळे भरून पाहावी, ही त्यांची इच्छा. घडले ते उलटे. टोपल्या, हातोड्या, छिन्न्या घेऊन लोक किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतली डबकी रिती झाली. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत ही खंत नोंदवून ठेवली आहे. ज्या पित्याने किनाऱ्याचे सौंदर्य जगाला दाखवले, त्याच्याच पुस्तकाने तो किनारा उजाड होण्यास हातभार लावला, याचे दुःख पित्यालाही होते.

आपल्याकडे समुद्र काचेतून पाहण्याची सोय मुंबईत झाली. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. शाळेच्या सहलीतून घाटावरच्या कित्येक मुलांनी समुद्राचा तळ पहिल्यांदा पाहिला तो तिथे. आम्हीही त्यांपैकीच.

घरच्या पेटीचे शास्त्र मात्र सावकाश उलगडले. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच मलमूत्र टाकतो. त्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. जीवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. या जीवाणूंचा शोध विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास मातीच्या अभ्यासातून लावला. म्हणजे जे सूक्ष्म जीव आमच्या उसाला नत्र पोहोचवतात, त्यांचेच भाऊबंद काचपेटीतल्या माशाला जगवतात. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पेटीत समुद्रातून आणलेले सजीव, सच्छिद्र दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढेच असे. दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या पोकळ्यांत आणखी एक जातीचे जीवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, हे त्यातले मर्म.

एवढे वाचून झाल्यावर भाच्याला आम्ही बसवून हिशेब सांगितला. पेटी शंभर लिटरची धरू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे साडेतीन किलो मीठ लागेल. ते स्वयंपाकघरातले चालणार नाही, कारण समुद्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी इतर द्रव्येही ठरावीक प्रमाणात असतात. तयार समुद्री मिश्रणच हवे. आमच्या बोअरचे पाणी मुळातच क्षारांचे. म्हणून आधी यंत्रातून ते निर्मळ करायचे आणि मग त्यात समुद्राचे मीठ घालायचे. उष्णता २४ ते २६ अंश राखायची. बारामतीच्या वैशाखात हे सोपे नाही. पंख्याने पाणी गार होते, पण उडतेही. दहा लिटर उडाले तर साडेतीन किलो मीठ नव्वद लिटरांत राहिले. लिटरला ३५ ऐवजी जवळजवळ ३९ ग्रॅम झाले. अशा वेळी खारे पाणी भरायचे नाही, गोडेच भरायचे. वीज गेली तर हवेचा पंप बंद पडेल. मग ॲना थिन यांच्या घरची रीत आहेच, तांब्याने पाणी घ्यायचे आणि उंचावरून ओतायचे. चार ते सहा आठवडे पेटीत एकही मासा नाही; केवळ दगड, पाणी आणि वाढणारे जीवाणू. आणि दर पंधरवड्याला दशांश पाणी काढून नवे घालायचे. हा आपल्या शेतातला चर.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि प्रवाळ?"

प्रवाळ दिसायला फुलझाड, असतो प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले वास करतात. ती प्रकाशावर अन्न तयार करून त्याला देतात आणि तो त्यांना आसरा देतो. पाणी थोडे अधिक तापले तरी ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत: मालवणच्या खडकांवर आहेत, विजयदुर्गासमोर खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहेत. २००१ मध्ये भारत सरकारने दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले. आमच्या समुद्रातून तो काढणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. शहरातल्या एका विक्रेत्याने आम्हांस हळूच एक तुकडा देऊ केला. "सगळेच ठेवतात," तो म्हणाला. गॉस यांच्या काळी किनाऱ्यावर हातोडी घेऊन गेलेला प्रत्येक जण हेच म्हणत असेल. आम्ही तो तुकडा घेतला नाही.

काय आत घ्यावे याइतकाच, काय बाहेर टाकावे हा प्रश्न अवघड आहे. १९८४ मध्ये मोनॅको येथील प्रख्यात समुद्रशास्त्रीय संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा नावाच्या शैवालाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. मत्स्यालयाच्या टाक्यांत शोभेसाठी वाढवलेली ही जात. पुढच्या काही वर्षांत ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरली. २००० मध्ये तीच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडली. तिथे वेळीच धावपळ झाली, तरी ती पुरती नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यास २००६ उजाडले.

मोनॅको दूर वाटेल. मग इंदापूर तालुक्यात या. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली गावे गेली, पळसदेवचे जुने देऊळ गेले. पाण्यावर मच्छीमारांची नवी उपजीविका उभी राहिली, भिगवणचा मासळीबाजार नावारूपाला आला. या जलाशयात अलीकडच्या वर्षांत सकर मासा माजला आहे. मूळ दक्षिण अमेरिकेचा. काचपेटीच्या भिंतीवरचे शेवाळ खातो म्हणून लोकांनी हौसेने घरी आणला. तो वाढता वाढता पेटीत मावेना, तेव्हा कोणीतरी दया म्हणून त्याला नदी-तळ्यात सोडून दिले. त्याच्या अंगावर हाडांचे कवच. जाळ्यात सापडला की जाळे फाटते. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भिगवणला एका वयस्क मच्छीमाराने आम्हांस फाटके जाळे दाखवले. रागावून नव्हे, फक्त विणायला किती दिवस लागतात ते सांगितले. माशाला सोडून देणाऱ्याने पुण्य जोडले असे त्याला वाटले असेल. त्याची किंमत ज्याने चुकवली, त्याच्या घरी काचपेटी नव्हती.

हे सारे सांगूनही भाच्याचा उत्साह मावळला नाही. दिवाळीच्या सुट्टीत पेटी मांडली. सजीव दगडांऐवजी भट्टीत भाजलेले सच्छिद्र मातीचे दगड ठेवले. सहा आठवडे ती पेटी रिकामीच दिसत होती. पाहुणे विचारीत, मासे मेले का? नाताळनंतर विदूषक माशांची एक जोडी आणली, समुद्रातून पकडलेली नव्हे, पैदास केंद्रात जन्मलेली. ऐरोलीसारख्या ठिकाणी अशा माशांचे बीजोत्पादन आपल्या राज्यातही झाले आहे. प्रवाळ नाही. पेटीशेजारी एक वही टांगली आहे. तारीख, उष्णता, मिठाचे प्रमाण, किती पाणी काढले, किती घातले. पहिल्या पानावर भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: या पेटीतला कोणताही जीव बाहेरच्या पाण्यात सोडायचा नाही.

पहिल्यांदा पाणी बदलले, तेव्हा दहा लिटरांची बादली उचलून तो परसातल्या डाळिंबाकडे निघाला. पाणी वाया जाऊ नये, ही आमच्या भागातली शिकवण. आमच्या मातोश्री ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचे माहेर कालव्याखालचे. त्यांनी हाक मारली, "अरे थांब. ते पाणी झाडाला नको. आमची दोन एकर पांढरी झालेली मी पाहिली आहे."

त्या बादलीत साडेतीनशे ग्रॅम मीठ होते. भाच्याने बादली खाली ठेवली, आत जाऊन वही आणली आणि आजीला विचारून त्यात आणखी एक ओळ लिहिली.