पहिलटकरणीचे मन

पहिलटकरणीची कूस उजवली की घरात आनंदीआनंद होतो. शेकशेगडी, तेलमालीश, डिंकाचे लाडू, बारशाची तयारी, कशातही उणे पडत नाही. बाळंतिणीच्या देहाची निगा राखण्यात आपल्या समाजाने कसूर केलेली नाही. परंतु त्या देहात वसणाऱ्या मनाची विचारपूस करावयास साऱ्या जगालाच फार विलंब लागला.

फ्रान्समधील विख्यात वैद्य एस्किरोल यांनी १८३८ साली लिहून ठेवले की, प्रसूतीनंतर चित्तभ्रम झालेल्या स्त्रिया रुग्णालयात दिसतात त्याहून पुष्कळ अधिक असतात. कित्येकींची शुश्रूषा घरीच होते व त्यांची गणना कोठेच होत नाही. त्यांचेच देशबंधू लुई-व्हिक्तोर मार्से यांनी १८५८ साली या विषयाला वाहिलेला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि वैद्यांची दृष्टी मुख्यतः उघड्या उन्मादावर होती. ‘हे मूल मला सांभाळवेल ना?’ या धास्तीने मुकाट्याने अश्रू ढाळणारी माता उपेक्षितच राहिली.

उपचार करावयाचे ते मायलेकरांची ताटातूट करून, अशीच पुढे वहिवाट होती. लंडनच्या कॅसल रुग्णालयात डॉ. मेन यांनी १९४८ साली आईबरोबर तिच्या मुलालाही दाखल करून घेतले, आणि ती वहिवाट मोडू लागली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत असा मायलेकरांचा कक्ष २००९ साली निघाला.

१९८७ साली डॉ. कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची पत्रिका प्रसिद्ध केली. गेल्या सात दिवसांत हसू आले काय, विनाकारण स्वतःला दोष दिला काय, असे ते साधे प्रश्न. शेवटचा प्रश्न जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या विचारासंबंधी आहे. जे कोणी विचारीत नव्हते ते विचारले गेले, हेच या पत्रिकेचे मोल.

गोव्यात झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेकडा २३ माता प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी विषादग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. दारिद्र्य व पतीशी बेबनाव ही त्याची प्रमुख कारणे. मुलगा की मुलगी, हा प्रश्नही त्यांत गुंतलेला होताच.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल या दृष्टीने शहाणपणाची खरी. तेथे सुनेची पुन्हा लेक होते, आणि मूल कसे घ्यावे, कसे पाजावे, हे ती आईजवळ बसून न लाजता शिकते. परंतु मुलगी झाली म्हणून सासरचे कोणी फिरकलेच नाही, तर डिंकाचे लाडू काय करणार? बाळंतिणीचे रडू हा तिच्या मातृत्वातील उणेपणा नव्हे, ती उपचाराने बरी होणारी व्यथा आहे. पाळण्यात डोकावणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर बाजेकडेही वळून, ‘तू कशी आहेस?’ एवढे विचारावे.