घर, संस्था आणि धर्मशिक्षण : पंडिता रमाबाईंच्या कुटुंबातील तीन पिढ्या

अपत्यास कोणते शिक्षण द्यावे, ते घरी द्यावे की संस्थेत, आणि त्यातील धर्माचा भाग कोणी ठरवावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात वारंवार उपस्थित झाला. शाळाखाते, मिशन संस्था, ग्रँट-इन-एड पद्धती यांच्या अंगाने त्याचा विचार पुष्कळ झालेला आहे. परंतु हा प्रश्न शाळेत जाण्यापूर्वी घरातच उभा राहत असे, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. पंडिता रमाबाईंच्या कुटुंबात तो सलग तीन पिढ्यांत उद्भवला, आणि प्रत्येक पिढीत त्याचे उत्तर निराळे मिळाले. या तिन्ही उत्तरांचा एकत्र विचार केल्याखेरीज रमाबाईंच्या आयुष्यातील दोन प्रसिद्ध वादांचा, म्हणजे वाँटेज येथील १८८४-८६ च्या आणि पुण्यातील १८९३ च्या वादाचा, परस्परसंबंध स्पष्ट होत नाही.

१

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे विद्यागुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत शिकू शकते, याचा प्रत्यय अनंतशास्त्र्यांना तेथे आला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. समाजाचा रोष झाला, उडुपीच्या धर्मपीठापुढे शास्त्राधारांनी आपली बाजू मांडावी लागली. तरी त्यांनी आपला क्रम सोडला नाही आणि सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे आश्रम बांधून ते राहिले. तेथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाईंचे शिक्षण मात्र आश्रमात झाले नाही. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळांतून पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. वडील वृद्ध झाल्यामुळे शिकविण्याचा भार आईवर पडला, आणि वयाच्या सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच आपणास शिकविले, असे रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. व्याकरण, कोश आणि पुराणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता.

या शिक्षणाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. मुलीला शिकविणे ही त्या काळात बंडखोरीच होती. परंतु काय शिकवावयाचे, याबाबत मातापित्यांचा निर्णय काटेकोर सनातनी होता. संस्कृतावाचून अन्य भाषा शिकविण्याचा विचार त्यांना मान्य नव्हता. लौकिक विद्येने मन संसाराकडे ओढले जाते आणि परधर्मीयांचा संसर्ग घडतो, म्हणून ती दूर ठेवलेली बरी, अशी त्यांची धारणा होती. सरकारी किंवा मिशनच्या शाळेपासून अपत्ये अलग ठेवून, स्वधर्माचे शुद्ध शिक्षण घरीच द्यावयाचे, हा विचारपूर्वक केलेला निर्णय होता. त्याचे मोलही मोठे द्यावे लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांचा अंत झाला, तेव्हा उपजीविकेस उपयोगी पडेल अशी कोणतीही विद्या मुलांजवळ नव्हती. त्याच विद्येने १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हेही तितकेच खरे आहे.

२

दुसऱ्या पिढीत हाच निर्णय रमाबाईंना आई म्हणून घ्यावा लागला. कन्या मनोरमा १८८१ मध्ये जन्मली; दुसऱ्याच वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे आई व मुलगी या दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकू व शिकवू लागल्या, आणि मनोरमेचा सांभाळ बव्हंशी वाँटेजच्या भगिनीमंडळाकडे आला.

या काळातील पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी संगृहीत केला आणि तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रकाशित झाला. रमाबाई जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. त्यामुळे पत्रांतील मतभेदांना घरगुती जिव्हाळ्याची किनार आहे. परंतु मतभेद मूलगामी होते. ख्रिस्ताचा स्वीकार करणे निराळे आणि अँग्लिकन चर्चच्या प्रत्येक सिद्धान्तास मान तुकविणे निराळे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता, आणि जो आपल्यालाच पटत नाही तो मुलीच्या मुखी घालू देण्यास त्या तयार नव्हत्या. जेराल्डीन यांच्या दृष्टीने बाप्तिस्म्याबरोबर मूल चर्चचे झाले होते. आईची अनिश्चित मते मुलीच्या श्रद्धेस अपायकारक होती.

दुसरा मुद्दा संस्कृतीचा होता. मनोरमेला आपण हिंदभूमीची कन्या असल्याची लाज वाटू नये, स्वदेशीयांत ती परकी किंवा वरचढ म्हणून वावरू नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. भगिनींच्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, ही त्यांची मागणीही याच भूमिकेतून आली. ख्रिस्ती शिक्षण हवे, पण त्याचा पाठ आईने निवडावा आणि त्याची भाषा आपली असावी, असा त्यांचा पक्ष थोडक्यात सांगता येईल.

हा वाद एका हट्टी शिष्येचा नव्हता, हे तत्कालीन इंग्लंडच्या स्थितीवरून दिसते. १८७० च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने बोर्डाच्या शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरावली शिकविण्यास मनाई केली होती, आणि धर्मशिक्षणाच्या तासातून पाल्यास वगळण्याचा हक्क पालकांना दिला होता. म्हणजे रमाबाई जो हक्क मागत होत्या, तो त्या देशातील श्रमिक आईबापांना कायद्याने मिळालेला होता. आश्रयावर राहणाऱ्या परदेशी विधवेला तो भांडून मागावा लागला.

३

आता दुसऱ्या वादाकडे वळता येईल. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले; १८९० मध्ये ते पुण्यास आले. संस्थेचे धोरण धर्माबाबत तटस्थ राहण्याचे होते आणि सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येत. केसरीने यावर कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

सल्लागारांचा मुद्दा असा की, आश्रित आणि कोवळ्या वयाच्या मुलींपुढे प्रमुखाचे उघडे दार हाही एक उपदेशच होय. पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या मुलींबाबत तटस्थता एवढ्याने पाळली जात नाही. रमाबाईंचा मुद्दा असा की, आपल्या उपासनेचे दार बंद करण्यास आपणास कोणी सांगू शकत नाही, आणि स्वेच्छेने येणाऱ्या मुलीस आपण घालवून देणार नाही.

वरवर पाहता भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. वाँटेज येथे रमाबाई घराच्या बाजूने संस्थेशी भांडल्या; पुण्यात त्या स्वतःच संस्था होत्या आणि घरे त्यांच्याशी भांडत होती. तथापि यावरून विसंगतीचा आरोप करणे घाईचे ठरेल. मनोरमा तीन ते पाच वर्षांची होती, आणि तिच्यासाठी बोलणारी तिची आई होती. सदनातील पुष्कळ मुली बालविधवा होत्या. त्यांच्यासाठी बोलणाऱ्या पालकांचा हक्क मातेच्या हक्काइतकाच नैतिक बळाचा होता काय, हा प्रश्न उरतो. ज्या समाजाने विधवेच्या इच्छेची कधी चौकशी केली नव्हती, त्या समाजाने तिच्या धर्माबाबत एकाएकी पालकत्व सांगावे, यातील विरोध रमाबाईंना जाणवला असल्यास नवल नाही. उलट, अन्नवस्त्र जिच्या हातून मिळते तिच्या प्रार्थनेस जाणे कितपत स्वेच्छेचे, ही सल्लागारांची शंकाही निराधार नव्हती. वाँटेज येथे स्वतः आश्रित असताना रमाबाईंनी हाच दाब अनुभवला होता.

४

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून मुली आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ नंतर तटस्थतेचे बंधन संपले व संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. येथे प्रश्नाचे तिसरे रूप दिसते. दुष्काळात ज्यांचे घरच उरले नाही, त्यांच्या वतीने निवड कोणी करावयाची? हा प्रश्न केडगावापुरता नव्हता. वऱ्हाडात अकोल्यास ठाणे असलेल्या अमेरिकन मिशननेही अनाथ मुलांचा आश्रम चालविला. त्या मिशनमधील जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी लिहिलेल्या, १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथास रमाबाईंची प्रस्तावना आहे. अशा आश्रमांत मूल, पालक आणि संस्था या तिघांपैकी केवळ संस्थाच निर्णय घेण्यास उरली होती.

मुक्तीतील शिक्षणावर मात्र रमाबाईंच्या जुन्या आग्रहाची छाप राहिली. अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. सदनात छापखाना आणि इतर हस्तव्यवसाय होते. म्हणजे आपल्या बालपणीच्या शिक्षणात जी उणीव होती ती त्यांनी येथे भरून काढली. आणि हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. वाँटेज येथे ज्या बाईने लॅटिन अक्षरांस हरकत घेतली, तिच्या दृष्टीने ही त्या हरकतीची पूर्तताच होती. मनोरमाबाई शिक्षण संपवून आईच्या कार्यात सामील झाल्या आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी एक वर्ष, निवर्तल्या.

अनंतशास्त्र्यांनी घर निवडले आणि धर्मही घराने ठरविला. रमाबाईंनी मुलीसाठी धर्म बदलला, पण ठरविण्याचा हक्क घराकडेच ठेवू पाहिला. संस्थाप्रमुख झाल्यावर त्यांना दिसले की, घर आणि संस्था यांच्यापलीकडे शिकणाऱ्या व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी हा तिसरा पक्षकार आहे. भारतीय संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने राज्याची मान्यता किंवा साहाय्य असलेल्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षणास उपस्थित राहण्यासाठी त्या व्यक्तीची, आणि ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाची, संमती आवश्यक मानली आहे. व्यक्ती आणि पालक या दोघांचा निर्देश एकाच वाक्यात करावा लागला, याचे कारण १८८५ आणि १८९३ च्या या दोन वादांत स्पष्ट दिसते.