पावाने बाटलेले शहर

मुंबईत पाव कोणाचा, असा प्रश्न आज कोणी केला तर ऐकणारा हसेल. वडापाव, मिसळपाव, भुर्जीपाव, खिमापाव, पावभाजी ही सारी या शहराची रोजची भाषा आहे. पहाटे भट्टीतून निघालेली लादी सायकलवरून चाळीत येते तेव्हा ती कोणत्या धर्माच्या दारात उतरते याची कोणी चौकशी करीत नाही. परंतु हाच पाव एके काळी माणसाचा धर्म बुडवू शकतो, अशी या प्रदेशाची खात्री होती. बाटवणाऱ्या पावापासून सर्वांच्या पावापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, याचा शोध आपण ख्रिस्ती लोकांनी तरी घ्यायला हवा, कारण या प्रवासात आपल्या समाजाचे हात पिठाने माखलेले आहेत.

मूळ शब्दापासूनच आरंभ करू. 'पाव' हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द. बटाटा, कोबी, अननस, चावी, पगार यांच्याबरोबर तो आपल्या बोलीत शिरला. 1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला, 1534 साली वसई त्यांच्या ताब्यात गेली आणि मुंबईची बेटेही त्यांच्या अमलाखाली आली. त्यांना गव्हाच्या फुगलेल्या पावाची सवय. इकडे किनाऱ्यावर भात आणि तांदळाची भाकरी. पीठ फुगवण्यासाठी युरोपातले खमीर हाताशी नव्हते, तेव्हा माडाच्या माडीने ते काम केले. गोव्याच्या सासष्टीतील माजोर्डा गावाने ही विद्या प्रथम आत्मसात केली, अशी तिकडे परंपरा आहे. पाव भाजणारा 'पोदेर' हा गोव्याच्या गावगाड्याचा एक घटकच होऊन बसला.

यात एक गंमत दडलेली आहे. वसई, साष्टी आणि मुंबईच्या मूळ ख्रिस्ती गावांतील शेतकरी, कोळी, भंडारी हे धर्मांतरानंतरही भात आणि तांदळाची भाकरीच खात राहिले. सणाला, लग्नाला फुगे होत, इंद्याल शिजे, सांदणे होत. पण फुगे तेलात तळलेले आणि सांदणे वाफेवरची. भट्टी घरोघरी नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण मराठी ख्रिस्ती लोक पाव मागत नाही, भाकर मागतो. तरीही शेजाऱ्यांच्या नजरेत ख्रिस्ती म्हणजे पाव खाणारा, हे समीकरण पक्के झाले. पोटासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांना तर 'मकापाव' असे चिडवण्याचे नावच पडले. 'माका पाव', म्हणजे मला पाव, या कोंकणी बोलाचे ते विडंबन होते.

या चिडवण्यामागे भय होते. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, ही कथा कोकणात अनेक गावांच्या नावाने सांगितली जाते. कथेतला तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यातील समजूत खरी होती. पाव परक्या हाताने मळलेला, माडीने आंबवलेला, परधर्मीयाच्या भट्टीत भाजलेला. तो खाल्ला की जात गेली, आणि एकदा गेलेली जात परत मिळणे अवघड.

म्हणूनच ज्यांना जात मोडायची होती, त्यांनी नेमका पावच निवडला. 1849 साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अग्रणी. सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. ही त्याची कसोटी. ज्या भट्टीवाल्याचा पाव ते खात, त्याला आपण समाजसुधारणेत भाग घेत आहोत याची कल्पनाही नसावी. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे उघड होण्याची वेळ आली, तेव्हा सभा विस्कटली. पाव खाण्याचे धैर्य होते. पाव खाल्ला हे चारचौघांत कबूल करण्याचे नव्हते. 1867 साली प्रार्थना समाज स्थापन झाला, त्यात या सभेतील काही मंडळी होती.

तीस वर्षांनंतरही ही भीती ओसरली नव्हती. 1890 साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि गावात मोठे ग्रामण्य माजले. त्या यादीत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांची नावे होती, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकवता आला नाही. एवढ्या थोर माणसांना एका पेल्याने अडचणीत आणले, यावरून साध्या माणसाच्या पंक्तीची काय अवस्था असेल, ते समजावे.

मग हे बंधन सुटले कसे? आमच्या मते ते व्याख्यानांनी जितके सुटले, त्याहून अधिक बंदर, गिरणी आणि भट्टी यांनी सोडवले. 1854 साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकण-घाटावरून लाखो माणसे शहरात आली. बहुतेक पुरुष एकटे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी गिरणगावात उभ्या राहिल्या. त्या चालवणाऱ्या पुष्कळशा बायका स्वतःच्या खोलीतल्या चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करीत. परंतु खानावळीत बहुधा गाव आणि जात पाहिली जाई. गोवेकरांच्या कूडांचेही तसेच. धोबीतलाव, माझगाव या भागांतील ही निवासस्थाने गावाच्या नावाने चालत. संध्याकाळी तेथे रोझरी होई आणि बोटीवर जाणारा खलाशी आपली पेटी तेथे निर्धास्त ठेवी. काही कूडांत गावाबरोबर जातही पाहिली जाई, हे सांगितल्याशिवाय आपला इतिहास पुरा होत नाही.

बोटी, पलटणी, रुग्णालये आणि हॉटेले यांना मात्र रोज पाव हवा होता. तो पुरवणाऱ्यांत गोवेकर भट्टीवाले पुढे होते. 1908 साली भायखळ्याला सुरू झालेली अमेरिकन एक्सप्रेस बेकरी गोव्याच्या कार्व्हालो घराण्याने उभारलेली. 1903 च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडले, पण तेथे जेवणे मूठभरांच्याच आवाक्यातले. साध्या माणसाला बाहेर बसून खाण्याची जागा दिली ती इराण्याने.

यझ्द आणि केरमान प्रांतांतून आलेल्या झरथुस्त्री इराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती टाळीत, आणि इराण्याला ती स्वस्तात मिळे, असे सांगतात. धोबीतलावची कयानी 1904 ची, ग्रँट रोडची मेरवान 1914 ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया 1923 ची. संगमरवरी मेज, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांतली खारी आणि नानकटाई, ब्रून-मस्का आणि पानी-कम चहा. कयानीसमोरच्या बस्तानीतील सूचनांच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांनी कविताच लिहिली. त्या पाटीवर पुष्कळ गोष्टींना मनाई होती. पण चहा मागणाऱ्याची जात विचारण्याचा प्रघात तेथे नव्हता. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, टांगेवाला हे एकाच मेजावर येऊन बसले. बायका-मुलांसाठी आडोसा करून 'फॅमिली रूम' आली आणि मध्यमवर्गीय स्त्रीला घराबाहेर बसून खाण्याची सोय झाली. परमहंस सभेने दार लावून जे केले, ते इराण्याने रस्त्याकडे तोंड करून, दोन आण्यांत केले.

बाहेरच्या खाण्याचा विचार करताना घरातल्या भाजणीकडे दुर्लक्ष होऊ नये. आपल्या घरांत ओव्हन फार उशिरा आला. त्याआधी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर डबा ठेवायचा, झाकणावर निखारे रचायचे आणि केक भाजायचा. वरून निखाऱ्यांची धग देण्याची ही युक्ती गोव्याच्या बिबिंक्याची. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा. घाई करणाऱ्या गृहिणीला बिबिंका कधी साधला नाही. रवा आणि नारळाचा बाथ, पेरूचे चीज, नेवऱ्या, कलकल ही नाताळची ताटे अशीच, चूल आणि निखारे यांच्या आधाराने सजत. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, मुंबईत शिधावाटप आले आणि साखर मोजून मिळू लागली, तेव्हा नाताळच्या केकसाठी साखर बाजूला टाकणे हीच मोठी तयारी ठरली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर फुग्यांच्या पिठाला लागणारी माडी उघडपणे मिळेनाशी झाली आणि पुष्कळ घरांत यीस्टची पुडी आली. जाणत्या बायकांना ती चव कधी पटली नाही.

मोठ्या केकसाठी मात्र शेजारची भट्टी होती. वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांत नाताळच्या आठवड्यात घरी फेटलेले मिश्रण डब्यांत भरून भट्टीवर नेण्याची रीत होती. पावाचा घाणा निघाला की उरलेल्या धगीत केक भाजले जात. आपला डबा ओळखू यावा म्हणून कोणी त्यावर नावाची चिठ्ठी लावी. हीच रीत दिवाळीत हिंदू घरांची होती: मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन गृहिणी भट्टीवर जात आणि नानकटाई भाजून आणीत. ज्या भट्टीच्या पावाने एके काळी धर्म बुडत होता, तिच्याच धगीवर लक्ष्मीपूजनाचा फराळ होऊ लागला. या घटनेची तारीख कोणी नोंदवलेली नाही. आमच्या दृष्टीने ती पंच हौदच्या चहाहून मोठी आहे.

कायद्याने पुढे या बदलावर शिक्कामोर्तब केले. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि विहिरी यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला अडवता येणार नाही. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने अशा अडवणुकीला शिक्षा ठेवली. घटनाकारांनी उपाहारगृहाचे नाव का घेतले, हे पावाचा इतिहास वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्यानंतर 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली, असे सांगतात. बटाटा आणि पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज. आणि त्यांतून झालेला पदार्थ अस्सल मराठी माणसाचा. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांची रोजी गेली, त्यांतील कित्येकांनी वडापावच्या गाडीवर घर चालवले.

आजचे चित्र वेगळे आहे. 2020 च्या टाळेबंदीत शहरभर घरोघरी केक-पाव भाजण्याची लाट आली. आपल्या धर्मग्रामांतील अनेक भगिनी आता घरून केकच्या ऑर्डरी घेतात आणि त्या कमाईवर मुलांची शिक्षणे होतात. ही प्रगतीच आहे. दुसरीकडे बस्तानी गेली, अनेक इराणी दुकाने गेली, आणि त्यांच्या जागी आलेल्या कॉफीगृहांत एका पेल्याची किंमत लादीच्या कितीतरी पट असते. दारावर जात कोणी विचारत नाही. दरपत्रकच माणसे निवडून घेते.

2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्याचे दुःख करताना एक गोष्ट विसरता कामा नये. भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा कारागीर, जो आता बहुधा उत्तर भारतातून आलेला मुस्लिम तरुण असतो, तो जुन्या फर्निचरच्या रंगवलेल्या लाकडाचा धूर रात्रभर छातीत घेत होता. ब्रूनच्या खमंग चवीसाठी त्याने तो घेत राहावा, असे आपण म्हणू शकत नाही. मात्र नव्या यंत्राचा खर्च झेपला नाही म्हणून लहान भट्टी बंद पडली, तर एका दुकानाबरोबर मोहल्ल्याची समाईक धगही विझते, एवढे तरी शहराने ध्यानात घ्यावे.

घरात ओव्हन आला आणि डबा घेऊन भट्टीवर जाणे संपले. आता आपला केक कोणाच्या केकशेजारी भाजला जात नाही. म्हणून भाजल्यानंतर तो कोणाकडे जातो, याला अधिक महत्त्व आले आहे. नाताळात जाळीदार रुमाल टाकून शेजारी जाणारे ताट आणि दिवाळीत करंज्या-चकल्यांनी भरून परत येणारे तेच ताट, ही देवाणघेवाण अनेक चाळींत अजून चालू आहे. उंच इमारतींत ती विरळ होत चालली आहे. पाव खाल्ला तर बाटू, या भीतीतून बाहेर पडायला या शहराला शंभर वर्षे लागली. शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसल्यामुळे ताट घरातच राहिले, तर तो दोष आता कोणत्याही शास्त्राचा नसेल.