सर्वांसाठी एकच पाठ? – शिक्षक-प्रशिक्षणातील एका विसरलेल्या प्रयोगाचा इतिहास

प्रशासनाचा इतिहास अभ्यासायचा असेल तर कायदे आणि अहवाल यांच्याबरोबरच कोरे छापील नमुनेही पाहावेत असे माझे मत आहे. नमुन्यात ज्या गोष्टीला रकाना असतो तीच भरली जाते, मोजली जाते आणि तपासली जाते. ज्या गोष्टीला रकाना नसतो ती कितीही महत्त्वाची असली तरी हळूहळू दृष्टीआड होते. शिक्षक-प्रशिक्षणातील असाच एक नमुना म्हणजे पाठाचे टाचण.

ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केले आहे त्यांना सराव पाठ आणि टाचणवही आठवत असेलच. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी एकोणिसाव्या शतकात पाठाच्या ज्या पायऱ्या रूढ केल्या, त्या आपल्याकडे ‘पंचपदी’ या नावाने आल्या आणि स्थिरावल्या. प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. पुढे त्यात उद्दिष्टे आली, मूल्यमापन आले, आणि पानावर ‘शिक्षक कृती’ व ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने पडले. यातील ‘विद्यार्थी’ हा शब्द एकवचनी असल्यासारखाच वापरला जातो. शिक्षक प्रश्न विचारील, विद्यार्थी उत्तर देईल. पण ज्याला फळा दिसत नाही, ज्याला प्रश्न ऐकू येत नाही, ज्याची अक्षरे डोळ्यांसमोर उलटसुलट होतात, किंवा ज्याच्या घरी ही भाषाच बोलली जात नाही, तो काय करील? त्याच्यासाठी रकाना नाही.

घर सोडून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. बदलीच्या नोकरीत दिल्लीला आलेल्या कुटुंबातील मूल पुण्यात किंवा अमरावतीत वर्गात पहिले असते आणि हिंदी माध्यमाच्या वर्गात वर्षभर गप्प बसते. त्याच्या बुद्धीत काही फरक पडलेला नसतो. पाठ मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याची अडचण काही महिन्यांनी सुटते. काही मुलांची अडचण आपोआप सुटणारी नसते, आणि त्यांच्या शिक्षकाला काय शिकवले गेले यावर त्यांचे सगळे आयुष्य ठरते. म्हणूनच हा इतिहास तपासण्यासारखा आहे. तो मुख्यतः दिल्लीत घडला.

सुरुवात १९४४ पासून करता येईल. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने युद्धोत्तर शैक्षणिक विकासाचा जो आराखडा मांडला, तो सार्जंट अहवाल म्हणून ओळखला जातो. अपंग मुलांना (त्या काळचा हाच शब्द) शक्य असेल तेथे इतर मुलांपासून वेगळे काढू नये, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे आले होते. म्हणजे ज्याला आज आपण ‘समावेशक शिक्षण’ म्हणतो त्याचे बीज स्वातंत्र्यापूर्वीच सरकारी कागदावर होते.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोग. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी होते आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. दिल्लीत त्यांनी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून आणि पुढे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव म्हणून काम केले. प्रशासनात राहून विचारवंत कसे असावे याचे उदाहरण म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो.

कोठारी आयोगाने अपंग मुलांच्या शिक्षणाकडे दयेच्या नव्हे तर शैक्षणिक समतेच्या दृष्टीने पाहिले. सामान्य शाळेत सर्वांना एकत्र शिकवल्याने खर्च कमी होईल आणि परस्परांना समजून घेण्याची वृत्ती वाढेल, असे दोन फायदे त्याने नोंदवले. मात्र आयोगाचे लक्ष्य माफक होते: १९८६ पर्यंत अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी सुमारे १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी सुमारे ५ टक्के शाळेत यावीत. म्हणजे वीस वर्षांनंतरही बहुसंख्य मुले बाहेरच राहणार हे गृहीत धरले गेले होते. साधनांची मर्यादा हे त्याचे कारण. समता, गुणवत्ता आणि संख्या ही तीन टोके एकाच वेळी हाती येत नाहीत, असे नाईकांनी पुढे एका पुस्तकात मांडले. त्या त्रिकोणाची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागली ती हीच मुले होत.

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. पुस्तके, गणवेश, प्रवास, साधने यांसाठी अर्थसाहाय्याची तिच्यात तरतूद होती. परंतु ती शिक्षण विभागाकडे नव्हती, समाजकल्याण विभागाकडे होती. शिक्षण विभागाकडे ती १९८२ च्या सुमारास आली. सर्वसामान्य वाचकाला हा तपशील किरकोळ वाटेल. पण फाइल कोणत्या विभागात आहे यावर प्रश्नाचे स्वरूप ठरते. फाइल कल्याण विभागात असते तेव्हा मूल ‘लाभार्थी’ असते, शिक्षण विभागात आली की ते ‘विद्यार्थी’ होते. आठ वर्षे मूल शाळेत होते आणि त्याचा कागद शाळेबाहेर होता.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षक-प्रशिक्षणाची, विशेषतः प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची, या दृष्टीने फेररचना करावी असे म्हटले. आणि १९८७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.ई.आर.टी.ने, युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग सुरू केला. एन. के. जांगिरा यांचे नाव या कामाशी निगडित आहे. ‘अपंगांसाठी एकात्म शिक्षण प्रकल्प’ असे त्याचे साधे नाव होते. या लेखाचा मुख्य विषय हाच.

दोन बाबतींत हा प्रकल्प आधीच्या योजनांपेक्षा वेगळा होता. पहिली म्हणजे, एखादी आदर्श शाळा न निवडता पूर्ण विकास गट निवडला गेला. त्या गटातील सर्व शाळांनी सर्व मुले घ्यायची, जवळचे मूल जवळच्या शाळेत. हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओरिसा, तामिळनाडू, नागालँड व मिझोराम या राज्यांत आणि दिल्ली व बडोदा या शहरांत मिळून अशी दहा क्षेत्रे घेण्यात आली.

दुसरी बाब प्रशिक्षणाची. ते तीन पायऱ्यांचे होते. पहिल्या पायरीवर क्षेत्रातील सर्वच्या सर्व शिक्षकांना सुमारे एक आठवड्याचे प्रशिक्षण. दुसऱ्या पायरीवर त्यांपैकी दहा टक्के शिक्षकांना सहा आठवड्यांचे. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक क्षेत्रातील आठ-दहा शिक्षकांना एक वर्षाचे, आणि तेही एकाच प्रकारच्या अपंगत्वाचे नव्हे, अनेक प्रकारांचे. अडचण आली की पहिल्या पायरीवरचा शिक्षक दुसऱ्याला विचारील आणि दुसरा तिसऱ्याला.

प्रशासकीय दृष्ट्या ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या आरोग्य व्यवस्थेत गावातील कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय अशी जी उतरंड आहे तिच्याशी तिचे साम्य आहे. तज्ज्ञ थोडेच असणार हे तिने मान्य केले. पण म्हणून वर्गशिक्षकाला जबाबदारीतून मोकळे केले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी या प्रकल्पातून सुमारे १३,००० मुलांना सेवा मिळत होती आणि सुमारे ९,००० शिक्षक प्रशिक्षित झाले होते. त्याच क्षेत्रांतील इतर मुलांच्या तुलनेत या मुलांचे शाळेत टिकण्याचे प्रमाण अधिक होते, असे मूल्यमापनात आढळले.

याच सुमारास युनेस्कोने शिक्षक-प्रशिक्षणासाठी एक साधन-संच तयार करण्याचे काम हाती घेतले. ब्रिटनचे मेल एन्स्को त्याचे सूत्रधार होते. संचाची चाचणी आठ देशांत झाली आणि त्यांत भारत होता. जांगिरा आणि अनुपम आहुजा यांनी येथील काम पाहिले. या संचाचा गाभा असा: भावी शिक्षकाला जसे शिकवाल तसेच तो पुढे शिकवील. ‘मुलांच्या गरजा भिन्न असतात’ या विषयावर साठ प्रशिक्षणार्थींना एकाच सुरात तासभर व्याख्यान देणे ही विसंगती आहे. त्याऐवजी त्यांना गटांत बसवावे, स्वतःला शिकताना आलेल्या अडचणी आठवायला लावाव्यात, एकच पाठ तीन प्रकारे मांडायला सांगावे.

पाठ जुळवून घेणे म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचले तर न दिसणारे मूल पाठात येते. फळ्याकडे तोंड करून न बोलता वर्गाकडे पाहून बोलले तर ओठांवरून समजून घेणारे मूल पाठात येते. नकाशाच्या सीमेवर डिंकाने दोरा चिकटवला तर बोटांना राज्य समजते. अपूर्णांक आधी भाकरीचे तुकडे करून, मग चित्राने आणि शेवटी अंकांनी मांडले तर गणिताला घाबरणारी बरीच मुले त्यात सामावतात. लिहिता न येणाऱ्याला तोंडी उत्तर देऊ द्यावे. यात पैसा लागत नाही. आदल्या दिवशी विचार करावा लागतो. आणि तो विचार करण्याची सवय प्रशिक्षणाच्या वर्षातच लागते, नोकरीत आल्यावर क्वचितच.

आपल्याकडे ही दृष्टी अगदीच नवी होती असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुले गुरे राखायला जातात हे पाहून शाळाच कुरणात नेली. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळा मुलाला जुळवावी, हे त्यांनी कोणत्याही परिपत्रकाविना केले. दिल्लीत उमा तुली यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या अमर ज्योती संस्थेने अपंग आणि इतर मुले समसमान संख्येने एकाच वर्गात बसवून हे शहरात होऊ शकते हे दाखवले.

मग तीन पायऱ्यांचा तो जिना देशभर का बांधला गेला नाही? माझ्या मते याचे मुख्य कारण दिल्लीतच झालेल्या एका विभागणीत आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद वैधानिक झाली आणि विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण व नोंदणी तिच्याकडे गेली. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि सामान्य शिक्षकांचे प्रशिक्षण तिच्याकडे गेले. दोन परिषदा, दोन मंत्रालये, दोन अभ्यासक्रम. प्रत्येक कायद्याचा हेतू चांगला होता. अप्रशिक्षित माणसांच्या हाती मुले जाऊ नयेत हा आग्रहही रास्त होता. पण परिणाम असा झाला की ‘ते मूल विशेष शिक्षकाचे’ ही भावना पक्की झाली. जिन्याची वरची पायरी कायद्याने मजबूत झाली, खालची प्रकल्प संपताच विस्कळीत झाली.

नंतरचा इतिहास वेगाने सांगता येईल. १९९४ मध्ये सालामांका येथील जागतिक परिषद, १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, मग सर्व शिक्षा अभियान, २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीतील शाळांत विशेष शिक्षक नेमण्याचे आदेश दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि समावेशक शिक्षणाच्या व्याख्येतच अध्यापन गरजेनुसार योग्य प्रकारे जुळवून घेण्याची अट घातली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये पदे मंजूर करून भरण्याबाबत न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले.

या साऱ्यात पदे मोजली गेली, कारण पदे मोजता येतात. रॅम्प मोजले गेले. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सवलती परिपत्रकाने देता आल्या. पाठ बदलला की नाही हे मात्र कोणी मोजले नाही. २०११ पासून सुरू झालेल्या केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्राथमिक स्तराच्या अभ्यासक्रमात १५० प्रश्नांपैकी समावेशक शिक्षणाच्या वाट्याला ५ आले. बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा समावेशक शाळेवर एक अभ्यासपत्रिका आली, हे स्वागतार्ह आहे. पण स्वतंत्र पत्रिका म्हणजे पुन्हा एक वेगळी खोली. गणित-अध्यापनाच्या तासाला त्या खोलीचे दार उघडे असेलच असे नाही.

विशेष शिक्षक हवेतच, याबद्दल दुमत नसावे. ब्रेल किंवा खुणांची भाषा आठवड्याभरात येत नाही. परंतु विशेष शिक्षक शाळेत असला तरी दिवसातील बहुतेक तास मूल वर्गशिक्षकासमोरच बसते.

म्हणून माझ्या सूचना तीनच आहेत. एक, १९८७ चा जिना सेवापूर्व प्रशिक्षणात आणावा: सर्वांना थोडे, काहींना अधिक, थोड्यांना सखोल, आणि तिघांमध्ये विचारपूस करण्याची ठरलेली वाट. दोन, दोन्ही परिषदांनी प्रशिक्षणार्थींचे काही सराव पाठ एकत्र घडवून आणावेत, म्हणजे भावी वर्गशिक्षक आणि भावी विशेष शिक्षक नोकरीआधीच एकमेकांना ओळखतील. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दोन्ही प्रकारच्या संस्था जवळजवळ आहेत. सुरुवात येथून करणे कठीण नाही. तीन, टाचणवहीत तिसरा रकाना छापावा: ‘हा पाठ ज्याला असा घेता येणार नाही त्याच्यासाठी’. पर्यवेक्षकाने तो रिकामा दिसला तर सही करू नये.

तिसरी सूचना वाचून काही जण हसतील. पण प्रत्येक सराव पाठागणिक तो रकाना भरावा लागला, तर वर्षअखेरीस त्या तरुण शिक्षकाच्या मनात एक प्रश्न कायमचा घर करील: माझ्या वर्गात आज कोण बाहेर राहिले? १९४४ पासूनचे अहवाल हाच प्रश्न विचारत आले आहेत. तो अहवालातून वर्गात नेणे हे काम आजही शिल्लक आहे.