नावं आणि आकडे

फ्रान्सच्या सहलीचे फोटो बरेच जण मागतायत. टाकेन सावकाश. त्याआधी एका दगडाबद्दल लिहायचंय.

मी आणि बायको भाड्याची गाडी आणि तंबू घेऊन मध्य फ्रान्समधल्या खेड्यांत फिरलो. तिकडे बऱ्याच लहान गावांची पालिका स्वतःचा कॅम्पिंगचा तळ चालवते. थोड्या पैशांत तंबूला जागा आणि अंघोळीची सोय. सुरुवात केली कोलाँज-ला-रूजपासून. गाव लाल दगडाचं. सुंदर खेड्यांची त्यांची संघटना १९८२ साली इथूनच सुरू झाली. फोटो तिथलेच जास्त आहेत.

मनात राहिलं ते मात्र क्रोझ जिल्ह्यातलं जाँतियू. तिथे पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे, १९२२ सालचं. त्यावर विजयी सैनिक नाही. एक अनाथ पोरगा उभा आहे. पायात लाकडी बूट, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. गावच्या मृतांच्या नावांसोबत कोरलंय, 'युद्धाचा धिक्कार असो.' सरकारला हे झोंबलं. अनेक दशकं त्याचं अधिकृत उद्घाटनच झालं नाही. पण गावाने दगड हलवला नाही.

त्या युद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले. १९१९ च्या कायद्याने स्मारकासाठी अनुदान मिळू लागलं आणि काही वर्षांतच जवळजवळ प्रत्येक गावात असा दगड उभा राहिला. मग आम्ही गाव आलं की आधी तो शोधायचो. एकच आडनाव दोनदा, तीनदा दिसायचं. भाऊ असतील, चुलतभाऊ असतील.

क्रोझमधले गवंडी पूर्वीपासून पॅरिसला कामाला जायचे, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखे. १८५१ साली जिल्ह्यात सुमारे २ लाख ८७ हजार माणसं होती, आज सव्वा लाखही नाहीत. घरं बंद, पण नावं जागेवर.

शेवटी ओरादूर-सुर-ग्लान. १० जून १९४४ ला नाझी एसएस सैनिकांनी इथल्या ६४३ माणसांना मारलं. पुरुषांना कोठारांत, बायका-मुलांना चर्चमध्ये. जळकं गाव तसंच ठेवलंय, नवं गाव शेजारी वसवलं. पडक्या भिंतींवर पाट्या आहेत : इथे कोण राहायचं, काय धंदा करायचं.

तिथे उभं असताना मला आमच्या आजोळच्या चावडीतली फरशी आठवली. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत ती आहे. १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईत या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके मेले. बस, एवढंच. दोन आकडे. कोण गेले, कुणाचे होते, काही नाही. आमच्या फरशीवर तर ऑइल पेंट फासलाय, आकडेसुद्धा बोटाने चाचपून वाचावे लागतात.

ही गावातल्यांची एकट्याची चूक नाही. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूटपर्यंत लढल्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज अधिकाऱ्यांची नावं आली आणि आपल्या साध्या शिपायांचा नुसता आकडा. साम्राज्याला आमची माणसं मोजायची होती, ओळखायची नव्हती. ते गेले, त्याला पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली. आता ती नावं लिहायला आपल्याला कोण अडवतंय?

नावं कागदावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत शोधता येतात, काहींपुढे बापाचं आणि गावाचं नावही आहे. जुन्या घरांत एखादं पदक, पेन्शनचा कागद सापडेल.

मी येत्या ग्रामसभेत विषय मांडतोय : रंग खरवडायचा आणि शेजारी नावांची दुसरी फरशी बसवायची. वाढदिवसाच्या चार फ्लेक्सच्या पैशांत होईल. तुमच्या गावात अशी फरशी असेल तर फोटो आणि तालुका कमेंटमध्ये टाका. आकडा आपल्याकडे आहेच. नावं शोधूया.